रेघ वर चढते तेव्हा

पंचायतीच्या मागच्या भिंतीवर, जिथं
गोवऱ्या थापायची हिंमत आता कुणाची होत नाही,
आर्वीहून आणलेल्या रंगानं
आठ दिवस खपून मी चितारला तक्ता:
चौदा विहिरी, बारा महिने,
पाण्याला टेकेपर्यंत किती हात दोर सुटला, तेवढं.
तळाशी शून्य. वर चाळीस.
वाटलं, झालं. आकडा काय, सगळ्यांना सारखाच दिसतो.

पहिले आले गुणवंत भोयर.
सायकलवरून उतरले नाहीत, एक पाय टेकला फक्त.
"वा! मार्चपासून चढलीच की रेघ. पाणी वाढलं.
म्या म्हणलंच होतं, नाल्याच्या बांधानं वाढते."
आणि गेलेसुद्धा.
माझं वाक्य माझ्याच तोंडात राहिलं,
रंगाच्या वासासकट.

कवडू उईके, ज्याचं आयुष्य गेलं विहिरींतला गाळ काढण्यात,
भिंतीशी आला, आणि कंबरेत एवढा वाकला
की मला वाटलं, पडतो.
उलटं पाहिलं त्यानं, पायांमधून.
काठ वर, पाणी खाली.
महिने मागं धावले तरी त्याचं काही अडलं नाही.
"मे मयन्यात पार बुडाशी गेलं नाई का वो बाई?"
अक्षर एक येत नाही त्याला.
पण तो जन्मभर काठावरूनच मोजत आला,
त्याचं शून्य म्हणजे जिथून पाय सुटतात ती जागा.

चंद्रकला ढोबळेनं तक्ता पाहिलाच नाही.
तिनं आठवी विहीर पाहिली.
दोन्ही तळव्यांनी आजूबाजूच्या रेघा झाकून घेतल्या,
परीक्षेत पोरं पाटी झाकतात तशा,
आणि विचारलं, "यंदा पुरंल ना?"
म्हटलं, तक्ता मागचं सांगतो, पुढचं नाही.
"मंग कायले काढला?"
त्या आठवड्यात ती तीनदा आली.
दर वेळी तिला रेघ
कालच्यापेक्षा बोटभर जास्त चढलेली दिसली.

पिण्याच्या विहिरी हिरव्या, ओलिताच्या लाल.
शेषराव म्हणाले,
"साऱ्या एकाच रंगानं कामून काढल्या?"
लोक हसले.
ते हसले नाहीत. डोळे चोळून पुन्हा पाहिलं.
एकसष्ट वर्षांच्या माणसाला
भर चौकात कळावं असं नव्हतं ते.
त्यांची बायको बेबीनंदा पदर सावरत एवढंच बोलली,
"म्हून तर मिरच्या मीच तोडते."
तिला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून.
त्या रात्री बॅटरीच्या उजेडात
लाल रेघा मी मधेमधे पुसून तुटक केल्या,
धावदोऱ्यासारख्या.

तक्ता उलटा केला असता, शून्य वर नेलं असतं,
तर भोयरांचंही जमलं असतं आणि कवडूची कंबरही वाचली असती.
विचारायला गेले, तर भोयर म्हणाले,
"म्हणजे मी चुकलो म्हणतेस तू?"
मग राहिलं.
चुना संपला होता हे एक कारण.
दुसरं, माझाही थोडा हट्ट.

कवडूची नात रोशनी, सहावीतली,
कुणी नसताना आली.
"ठिपके तुमी मोजले, ताई.
मधातली रेघ कोणं मोजली?"
कुणीच नाही, मी म्हटलं. ती पट्टीनं ओढली.
ती बोलली नाही काही. बोट फिरवत राहिली,
अकरा नंबरच्या विहिरीवरून, जुलैकडून पुढं,
आणि ऑगस्टावर थांबली.
"बाकीचे ठिपके वाकडेतिकडे हायत.
हा एकच बराबर मधात कसा बसला?"

ऑगस्टात मला ताप होता.
त्या विहिरीवर मी गेलेच नव्हते.
सारं गाव चौदा रेघा पाहून गेलं,
कुणी आपली, कुणी दुसऱ्याची, कुणी नुसता रंग.
मी मात्र पहिल्या दिवसापासून
तेवढा एक ठिपका पाहते आहे.

"हात नको लावू," मी म्हटलं, "रंग ओला आहे अजून."

रंग वाळून महिना झाला होता.